बॅककोर्टची शिट्टी केव्हा वाजवावी आणि केव्हा वाजवू नये

पंच म्हणून आपण विचारलेले तिन्ही प्रसंग एकाच जिल्हा पातळीवरच्या बास्केटबॉल सामन्यातले आहेत. संघ ज्या बास्केटचा बचाव करतो तिच्या बाजूचा अर्धा भाग म्हणजे त्याचे बॅककोर्ट, समोरचा अर्धा भाग म्हणजे फ्रंटकोर्ट; पुढे नेलेला चेंडू पुन्हा बॅककोर्टमध्ये नेल्याचा नियमभंग केव्हा धरायचा, हा आपला प्रश्न आहे. पहिल्या प्रसंगात निळा संघ आक्रमण करत होता. त्यांच्या एका खेळाडूने फ्रंटकोर्टमध्ये दिलेल्या पासला पांढऱ्या संघाच्या बचावपटूची बोटे लागली आणि चेंडू मध्यरेषेच्या दिशेने उडाला. मागच्या अर्ध्यात उभ्या असलेल्या निळ्या गार्डने (चेंडू पुढे आणणाऱ्या खेळाडूने) तो टप्पा पडण्यापूर्वीच झेलला. आपण शिट्टी वाजवली आणि निळ्या संघाच्या प्रशिक्षकांनी आक्षेप घेतला. दुसऱ्या प्रसंगात पांढऱ्या संघाच्या खेळाडूने एक पाय मध्यरेषेच्या अलीकडे आणि एक पलीकडे ठेवून मागून आलेला पास घेतला व तो पुन्हा मागच्या साथीदाराला दिला. आपण शिट्टी वाजवली नाही, त्यावर प्रेक्षकांतून आरडाओरडा झाला. तिसऱ्या प्रसंगात निळ्या संघाला फ्रंटकोर्टमधल्या बाजूरेषेवरून थ्रो-इन, म्हणजे बाहेरून चेंडू आत देण्याची संधी, मिळाला होता आणि तो थेट बॅककोर्टमध्ये उभ्या असलेल्या साथीदाराला दिला गेला. तेथेही आपण खेळ चालू ठेवला.

आपल्याकडच्या स्पर्धा फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनुसार खेळवल्या जातात. त्या नियमांनुसार पहिली शिट्टी चुकीची होती, दुसऱ्या वेळी आपण बरोबर होता आणि तिसऱ्या वेळी शिट्टी वाजायला हवी होती. केवळ एवढ्या निकालाचा पुढच्या सामन्यात उपयोग होणार नाही, म्हणून त्यामागची कारणे विस्ताराने मांडत आहे.

या नियमाबाबत जवळजवळ सगळा घोटाळा एका समजुतीतून होतो. ती समजूत अशी की, चेंडू पुढे जाऊन पुन्हा मध्यरेषेच्या मागे आला की नियमभंग झाला. प्रत्यक्षात चेंडूने रेषा ओलांडणे हा नियमभंग नाही. नियमभंग ठरण्यासाठी तीन गोष्टी ठरावीक क्रमाने घडाव्या लागतात. संघाने फ्रंटकोर्टमध्ये जिवंत, म्हणजे खेळात असलेल्या, चेंडूवर ताबा मिळवलेला असला पाहिजे. त्यानंतर फ्रंटकोर्टमध्ये चेंडूला शेवटचा स्पर्श त्याच संघाच्या खेळाडूचा झालेला असला पाहिजे. आणि मग चेंडूला पहिला स्पर्शही त्याच संघाच्या खेळाडूकडून झाला पाहिजे; तो खेळाडू एकतर स्वतः बॅककोर्टला टेकलेला असावा, किंवा चेंडू आधी बॅककोर्टला लागून आलेला असावा. यांतली एक गोष्ट जरी घडलेली नसेल, तरी शिट्टी तोंडातच राहिली पाहिजे.

आता आपल्या पहिल्या प्रसंगाकडे पाहू. निळ्या संघाचा ताबा फ्रंटकोर्टमध्ये होता, म्हणजे पहिली अट पूर्ण झाली होती. बचावपटूची बोटे लागल्यामुळे तो ताबा संपलाही नाही, कारण प्रतिस्पर्ध्याने चेंडूवर प्रत्यक्ष ताबा मिळवेपर्यंत संघाचा ताबा चालूच राहतो. नुसता ओझरता स्पर्श त्यासाठी पुरत नाही. परंतु फ्रंटकोर्टमधला शेवटचा स्पर्श पांढऱ्या खेळाडूचा होता. दुसरी अट तेथेच गळून पडली. निळ्या गार्डने चेंडू झेलला, उचलला किंवा सरळ ड्रिबल करत (जमिनीवर आपटत) पुढे नेला, तरी ते सर्व वैध होते. चेंडूचा टप्पा आधी पडला की थेट झेलला गेला, यानेही फरक पडत नाही. अमेरिकेतल्या शालेय सामन्यांच्या नियमांत याच टप्प्याच्या मुद्द्यावरून बराच काळ वाद होता आणि 2017-18 च्या हंगामापासून तेथे नियमात स्पष्ट अपवाद घालण्यात आला. त्या जुन्या वादाच्या चित्रफिती आजही फिरत असतात आणि आपल्याकडचे तरुण पंच त्या पाहून संभ्रमात पडतात. फिबाच्या नियमात ही अडचण नाही, कारण येथे मागे उभा असलेला झेल घेणारा खेळाडू फ्रंटकोर्टमध्ये स्पर्श करणारा ठरतच नाही.

अशा वेळी घड्याळांचे काय होते, हेही सांगणे आवश्यक आहे. शॉट क्लॉक, म्हणजे बास्केटसाठी फेक करण्याची मुदत मोजणारे घड्याळ, पुन्हा सुरुवातीपासून लावले जात नाही, ते चालूच राहते. मात्र निळ्या खेळाडूने बॅककोर्टमध्ये चेंडूला स्पर्श केल्या क्षणी, चेंडू फ्रंटकोर्टमध्ये नेण्यासाठी मिळणाऱ्या आठ सेकंदांची नवी मोजणी सुरू होते. शॉट क्लॉकवर सहा सेकंद उरले असतील, तर अर्थातच आधी तेच संपतील. सामना अधिकाऱ्यांच्या टेबलावरचा शॉट क्लॉक सांभाळणारा नवखा असेल, तर नेमक्या याच क्षणी त्याचे बोट रिसेटच्या बटणाकडे जाते, म्हणून सामन्यापूर्वीच्या चर्चेत ही गोष्ट त्याच्याशी आवर्जून बोलून घ्यावी.

याच प्रसंगाचे एक रूप पंचांना फसवते. बचावपटूने चेंडूला हात मारला, चेंडू आक्रमक खेळाडूच्याच गुडघ्याला किंवा पोटरीला लागला आणि तेथून मागे गेला. आता फ्रंटकोर्टमधला शेवटचा स्पर्श आक्रमक संघाचा झाला. तो हेतूने केलेला नव्हता, हे खरे; पण नियम शेवटचा स्पर्श विचारतो, हेतू विचारत नाही. त्याच संघाच्या खेळाडूने मागे जाऊन चेंडू प्रथम हाताळला, तर तो नियमभंग आहे. प्रतिस्पर्ध्याने आधी हाताळला, तर खेळ चालू. आणि कोणीच हात लावला नाही, तर काहीही घडलेले नाही. चेंडू बॅककोर्टमध्ये नुसता घरंगळत असताना शिट्टी वाजवणारे पंच बचाव करणाऱ्या संघाची सोपी बास्केट हिरावून घेतात. मला ही चूक या नियमातली सर्वांत महाग चूक वाटते, कारण आठ सेकंदांची मोजणी थोडी मागेपुढे झाली तर तिचा परिणाम क्वचित गुणफलकावर दिसतो, येथे मात्र दोन गुण समोर उभे असताना आपण खेळ थांबवतो.

दुसऱ्या प्रसंगासाठी मैदानाची आखणी नीट ध्यानात असली पाहिजे. फिबाचे मैदान 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद असते. ज्या बास्केटचा संघ बचाव करतो, ती त्याची स्वतःची बास्केट, आणि तिच्या बाजूचा अर्धा भाग म्हणजे त्या संघाचे बॅककोर्ट. पाच सेंटिमीटर रुंदीची मध्यरेषा बॅककोर्टचा भाग आहे, आणि ती दोन्ही संघांसाठी तशीच आहे. म्हणजे मध्यरेषा कोणत्याही संघाच्या फ्रंटकोर्टमध्ये येत नाही. ज्याचा बूट रेषेला टेकला, तो बॅककोर्टला टेकला.

मागून पुढे येणारा खेळाडू फ्रंटकोर्टमध्ये आला असे केव्हा म्हणायचे, याचे उत्तर नियमात अगदी स्वच्छ आहे. चेंडू हातात असलेला किंवा झेलणारा खेळाडू दोन्ही पायांनी पूर्णपणे फ्रंटकोर्टला टेकलेला असला पाहिजे. ड्रिबल करत येणाऱ्याच्या बाबतीत दोन पाय आणि चेंडू अशा तिन्ही गोष्टी फ्रंटकोर्टला टेकल्या पाहिजेत. दोन्ही पाय पलीकडे गेले, पण ड्रिबलचा टप्पा अजून रेषेवर किंवा मागे पडतो आहे, तर तो खेळाडू नियमाच्या दृष्टीने अजून मागेच आहे आणि बेलाशक मागे वळू शकतो. आपल्या प्रसंगातल्या पांढऱ्या खेळाडूचा एक पाय मागे होता, म्हणून त्याच्या संघाचा फ्रंटकोर्टमध्ये ताबा कधी स्थापितच झाला नाही. त्याने चेंडू मागे दिला, यात काहीच गैर नव्हते. मागच्या भागातून उडी घेऊन, हवेत पास पकडून, पहिला पाय पुढे आणि दुसरा पाय मागे असा उतरणारा खेळाडूसुद्धा याच कारणाने निर्दोष ठरतो. त्याची आठ सेकंदांची मोजणी मात्र थांबत नाही, आणि रेषेवर रेंगाळणाऱ्या गार्डला सापळ्यात पकडणाऱ्या संघाचा खरा फायदा तोच असतो.

प्रेक्षकांची गल्लत होते ती अशी. याच जागी, याच पद्धतीने रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभ्या असलेल्या खेळाडूला पास मागून न येता पुढून, फ्रंटकोर्टमधल्या साथीदाराकडून आला असता, तर नियमभंग झाला असता. तेथे संघाचा ताबा फ्रंटकोर्टमध्ये आधीच होता, शेवटचा स्पर्श त्याच संघाचा होता, आणि झेलणारा बॅककोर्टला टेकलेला होता. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही चित्रे सारखी दिसतात. पंचाला मात्र चेंडू कोठून निघाला हे ठाऊक असायलाच हवे. त्याचप्रमाणे फ्रंटकोर्टमधले दोन खेळाडू रेषेजवळ उभे राहून एकमेकांना टप्पा पास देत असतील आणि तो टप्पा रेषेवर पडला, तर दोघांचे पाय पुढे असूनही नियमभंग होतो, कारण चेंडू बॅककोर्टला लागून त्याच संघाच्या हातात आला.

याला जोडून एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती परीक्षेत विचारली जाते आणि सामन्यात त्याहून जास्त वेळा घडते. बॅककोर्टमधून आलेला पास फ्रंटकोर्टमध्ये दोन्ही पाय रोवून उभ्या असलेल्या साथीदाराच्या बोटांना लागला, पण त्याला पकडता आला नाही, आणि चेंडू उसळून पास देणाऱ्याकडेच मागे परतला. येथे नियमभंग नाही. फ्रंटकोर्टमध्ये कोणाही खेळाडूने चेंडूवर ताबा मिळवलेलाच नव्हता. पण त्या स्पर्शाने चेंडू फ्रंटकोर्टमध्ये पोहोचला असे मानले जाते, त्यामुळे जुनी आठ सेकंदे तेथे थांबतात आणि मागच्या खेळाडूने पुन्हा स्पर्श केल्यावर नवी सुरू होतात. बॅककोर्टच्या नियमासाठी लागणारा ताबा आणि आठ सेकंद थांबवण्यासाठी पुरणारा स्पर्श, या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. हा भेद ज्याच्या मनात पक्का बसला, त्याला या विषयातले उरलेले प्रश्न सहसा अडवत नाहीत.

आठ सेकंद थांबवणारा स्पर्श बचावपटूचाही असू शकतो. बचावपटूच्या शरीराचा कोणताही भाग त्याच्या स्वतःच्या बॅककोर्टला, म्हणजे आक्रमकांच्या फ्रंटकोर्टच्या बाजूला किंवा मध्यरेषेला टेकलेला असताना चेंडू त्याला लागला, तरी चेंडू पुढे पोहोचला असे धरतात. तेथे उभ्या असलेल्या पंचाला चेंडू लागला तरीही तसेच, कारण पंच ज्या जागी उभा असतो त्या जागेचाच भाग मानला जातो. उलट, सातव्या सेकंदाला मागून फेकलेला लांब पास हवेतून रेषा ओलांडून गेला, पण खाली टेकण्यापूर्वी किंवा कोणाला लागण्यापूर्वी आठ सेकंद पूर्ण झाले, तर तो नियमभंग आहे; हवेतला चेंडू जेथून सुटला त्याच भागात आहे असे धरायचे असते.

चेंडू बॅककोर्टमध्ये असताना मैदानाबाहेर गेला आणि त्याच संघाला परत मिळाला, तर उरलेली सेकंदेच मिळतात. त्याच संघाचा खेळाडू जखमी झाल्याने खेळ थांबला, त्या संघावर टेक्निकल फाउल झाला, जंप बॉलची (चेंडू कोणाचा हे न ठरण्याची) स्थिती आली किंवा दुहेरी फाउल झाला, तरीही मोजणी जेथे थांबली तेथूनच पुढे चालते. बचाव करणाऱ्याने चेंडूला मुद्दाम पाय मारला किंवा फाउल केला, तर मात्र नवी आठ सेकंदे मिळतात.

तिसरा प्रसंग थ्रो-इनचा. फिबाच्या नियमांत थ्रो-इन घेणाऱ्या खेळाडूच्या स्वाधीन चेंडू झाला की संघाचा ताबा सुरू होतो, आणि चेंडू मागे परत नेण्याची बंदी फ्रंटकोर्टमधल्या थ्रो-इनलाही लागू आहे, असे नियमातच म्हटले आहे. म्हणून फ्रंटकोर्टच्या बाजूरेषेवरून किंवा अंत्यरेषेवरून थ्रो-इन घेणारा खेळाडू बॅककोर्टमधल्या साथीदाराला चेंडू देऊ शकत नाही. अमेरिकेच्या शालेय आणि महाविद्यालयीन सामन्यांत असा पास चालतो, आणि अनेक खेळाडूंनी तेथलेच सामने पाहिलेले असतात. त्यांच्या आश्चर्याला आपण शांतपणे उत्तर द्यावे, पण निर्णय बदलू नये. फ्रंटकोर्टमधून उडी मारून थ्रो-इन हवेत पकडणारा आणि बॅककोर्टमध्ये उतरणारा खेळाडूसुद्धा याच कारणाने दोषी ठरतो. संघाचा ताबा थ्रो-इन घेणाऱ्याकडे आधीच होता, त्यामुळे हवेत नवा ताबा मिळाला, असा बचाव तेथे चालत नाही.

हा नियम अटीतटीच्या शेवटच्या दोन मिनिटांत फार महत्त्वाचा होतो. चौथ्या सत्राच्या किंवा अतिरिक्त वेळेच्या शेवटच्या दोन मिनिटांत, बॅककोर्टमधून थ्रो-इन मिळायचा असलेल्या संघाने टाइम-आउट घेतला, तर प्रशिक्षकाला तो थ्रो-इन टेबलाच्या विरुद्ध बाजूला फ्रंटकोर्टमधल्या आखलेल्या खुणेवरून घेण्याचा पर्याय असतो. ही खूण अंत्यरेषेच्या आतील कडेपासून 8.325 मीटरवर असते. प्रशिक्षकाने पुढची जागा निवडली की त्यासोबत बॅककोर्ट बंद होते. दबाव आला म्हणून मागे पास देण्याची वाट उरत नाही. टाइम-आउट संपल्यावर जागा हाताने स्पष्ट दाखवणे आणि दोन्ही संघांना ती कळली आहे याची खात्री करणे, हे पंचाचे काम आहे.

हवेत नवा ताबा मिळवण्याचा अपवाद कोठे लागू होतो, ते आता कळेल. सामन्याच्या सुरुवातीच्या जंप बॉलवर, म्हणजे पंचाने दोन खेळाडूंमध्ये वर उडवलेल्या चेंडूवर, कोणाचाही ताबा नसतो. त्या वेळी आपल्या फ्रंटकोर्टमधून उडी घेऊन हवेत चेंडू पकडणारा खेळाडू बॅककोर्टमध्ये उतरला तरी चालते. प्रतिस्पर्ध्याचा पास हवेत अडवणाऱ्यालाही हीच सवलत आहे. पण ही सवलत उतरण्यापुरती आहे. हवेत असतानाच त्याने तो चेंडू बॅककोर्टमधल्या साथीदाराकडे टाकला, तर नियमभंग होतो. ही तरतूद बऱ्याच जणांना कठोर वाटते. माझ्या मते ती योग्य आहे, कारण उडी घेतलेल्या खेळाडूला आपण कोठे उतरणार यावर ताबा नसतो, पास कोठे द्यायचा यावर मात्र असतो.

बास्केटसाठी फेक केल्यावर, म्हणजे चेंडू हातातून सुटताच, संघाचा ताबा संपतो. म्हणून रिबाउंड, म्हणजे फेक चुकून उसळलेला चेंडू, आक्रमक खेळाडूने बोटांनी बाहेर टोलवला आणि तो त्याच संघाच्या गार्डला थेट बॅककोर्टमध्ये मिळाला, तर तो वैध आहे. मात्र त्या खेळाडूने रिबाउंड दोन्ही हातांत पकडला आणि मग मागे पास दिला, तर नाही. टोलवणे आणि पकडणे यांतला फरक पाहण्यासाठी पंचाची नजर त्या हातांवर असावी लागते, आणि तो फरक पंचालाच पाहावा लागतो. टेबल किंवा बेंच त्यात मदत करू शकत नाही.

येथून मुद्दा जागेच्या निवडीकडे येतो. दोन पंचांच्या पद्धतीत मध्यरेषा आणि आठ सेकंद या मागच्या पंचाच्या, म्हणजे ट्रेलच्या, जबाबदाऱ्या आहेत. चेंडू पुढे सरकला की ट्रेलही धावत पुढे निघून जातो, ही सवय मोडावी. संपूर्ण मैदानभर दबाव असेल, तर ट्रेलने चेंडूच्या थोडे मागे आणि बाजूला राहून खेळाडूच्या पायांची आणि रेषेची एकत्र चौकट दिसेल असे उभे राहावे, आणि लीडने, म्हणजे पुढच्या पंचाने, अंत्यरेषेकडे न पळता मध्यरेषेच्या आसपास थोडे थांबून दुसरी बाजू सांभाळावी. रेषेकडे सरळ समोरून पाहिले, तर बूट रेषेवर आहे की पुढे आहे हे कळत नाही. रेषेच्या समांतर नजर लागते. जेथे शॉट क्लॉक नाही, अशा मैदानांवर हाताच्या दिसणाऱ्या हालचालीने मोजणी करावी, म्हणजे खेळाडूलाही किती वेळ गेला ते कळते.

शिट्टी वाजवण्यापूर्वी मनात एकच नोंद असावी, ती म्हणजे शेवटचा स्पर्श कोणाचा. ही नोंद चेंडू रेषेकडे निघण्यापूर्वीच झालेली असते, निघाल्यावर ती आठवत बसायला वेळ मिळत नाही. चेंडू मागे गेला की पहिला स्पर्श होईपर्यंत थांबावे. या थांबण्याला कोणी उशीर म्हणत असेल तर म्हणू द्यावे. नियमभंग झालाच, तर उघड्या तळव्याचा हात वर करून घड्याळ थांबवावे, मग शरीरासमोर हात हलवून चेंडू परत गेल्याची खूण करावी आणि दिशा दाखवावी. थ्रो-इन प्रतिस्पर्ध्याला त्यांच्या फ्रंटकोर्टमध्ये, नियमभंग झाला त्या जागेच्या सर्वांत जवळून मिळतो, आणि त्यांच्या शॉट क्लॉकवर 14 सेकंद असतात. येथे 24 लावण्याची चूक अजूनही बऱ्याच टेबलांवर होते.

या नियमाचा उगम पाहिला तर हे तपशील ओझे वाटत नाहीत. आघाडीवर असलेला संघ संपूर्ण मैदानभर चेंडू फिरवून वेळ काढत असे, त्यावर उपाय म्हणून अमेरिकेत 1932 मध्ये दहा सेकंदांचा नियम आला. फिबाने 2000 मध्ये ती मुदत आठ सेकंदांवर आणली आणि त्याच वेळी शॉट क्लॉक 30 सेकंदांवरून 24 वर आणले. पुढे आलेल्या संघाला 14 मीटरच्या अर्ध्यातच खेळावे लागावे आणि बचाव करणाऱ्यांना चेंडू कोठे आहे हे ठाऊक असावे, हा यामागचा विचार आहे. म्हणूनच बचावपटूने स्वतःच चेंडू मागे ढकलला, तर त्याची शिक्षा आक्रमकाला देण्याचे काही कारण उरत नाही. आपल्या पहिल्या प्रसंगात प्रशिक्षकांनी जो आक्षेप घेतला, त्याला नियमाचा पूर्ण आधार होता, आणि पुढच्या वेळी ते भेटले तर त्यांना तसे सांगायला हरकत नाही.